इंग्रजीत क्रियापदानंतर टू लावायचं की आयएनजी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की टू गो की गोइंग हे कळतच नाही, याद्या पाठ केल्या तरी आठ दिवसात सगळ्याचं भरीत होतं आणि पुढच्या महिन्यात ठाण्यात इंटरव्ह्यू आहे. मी कोपरखैरण्याला घरीच संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते, बरेचसे विद्यार्थी मराठी मिडियमचे, आणि हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतोच, म्हणून जरा नीट लिहिते.

याद्या आधी बाजूला ठेवा आणि वाक्य मराठीत म्हणून बघा. आपण ठाण्याला जातो म्हणतो आणि जेवायला जातो पण म्हणतो, दोन्हीकडे तोच ला. इंग्रजीतही तसंच आहे, टू ठाणे आणि टू ईट, हा टू मुळात "कडे" या अर्थाचाच शब्द, अगदी जुन्या इंग्रजीपासून. म्हणून जिथे काम अजून पुढे आहे आणि मन त्याच्याकडे चाललंय तिथे सहसा टू येतो. वॉन्ट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज, सगळे असेच.

आता खरी गंमत थांबण्यात आहे. समजा तुम्ही ठाणे स्टेशनवरून घरी निघालात आणि वाटेत मामलेदारची मिसळ खायला थांबलात, तर आय स्टॉप्ड टू ईट मिसळ. आणि डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं म्हणून मिसळ खाणं सोडलंत, तर आय स्टॉप्ड ईटिंग मिसळ. इंग्रजीत एकच स्टॉप, पण मराठीत "खायला थांबलो" आणि "खाणं थांबवलं" यात तुम्ही आयुष्यात कधी गोंधळला नसाल ना? म्हणजे फरक तुम्हाला येतोच, फक्त यला असेल तर टू आणि णं असेल तर आयएनजी, एवढं जोडून घ्यायचं.

रिमेंबरचं पण तसंच. कुलूप लावायचं लक्षात ठेव, हे रिमेंबर टू लॉक द डोअर. आणि ट्रेन ऐरोलीला पोचल्यावर जीव घाबरतो तेव्हा आपण म्हणतो, कुलूप लावल्याचं आठवतंय मला, ते झालं आय रिमेंबर लॉकिंग द डोअर. "ल्याचं" म्हणजे काम झालेलं आहे, तिथे आयएनजी. रिग्रेट पण असंच, असं बोलल्याचं वाईट वाटतं, आय रिग्रेट सेइंग दॅट. आणि ट्राय तर मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे मराठी आपल्याला सरळ हातात उत्तर देते: खिडकी उघडायचा प्रयत्न केला पण उघडेना, आय ट्राइड टू ओपन द विंडो, आणि गरम होतंय तर खिडकी उघडून बघ, ट्राय ओपनिंग द विंडो. "करून बघ" आलं की आयएनजी.

पण मराठी दगा पण देते, तेही सांगते. आपला यला इंग्रजीतल्या टू पेक्षा खूप जास्त ठिकाणी फिरतो. मला वाचायला मजा येते, म्हणून मुलं लिहितात आय एन्जॉय टू रीड, ते चूक, एन्जॉय रीडिंगच पाहिजे. तसेच अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, कन्सिडर, प्रॅक्टिस, कीप, गिव्ह अप. यातले सजेस्ट आणि कन्सिडर तर पुढच्या कामाबद्दलच बोलतात तरी टू घेत नाहीत, म्हणजे वरचा नियम इथे तुटतो, एवढे आठ-नऊ शब्द वाक्यात वापरून तोंडात बसवायलाच लागतील. स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू यांना बहुतेक वेळा दोन्ही चालतं, लाइकलाही, फक्त वुड लाइक आलं की टू.

दुसरा दगा "साठी"चा. भेटण्यासाठी आलो, म्हणून आय केम फॉर मीटिंग यू लिहिलं जातं. कशासाठी आलो, गेलो, थांबलो हे सांगताना आय केम टू मीट यू, बास.

आणि इन, ॲट, ऑफ, फॉर, अबाउट असले छोटे शब्द आले की पुढे आयएनजी, इंटरेस्टेड इन लर्निंग, गुड ॲट सेलिंग. फसवतो तो लुकिंग फॉरवर्ड टू. वाशीला पहिल्या नोकरीत मी दोन वर्षं सगळ्या मेलच्या शेवटी लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू लिहीत होते आणि कोणीच टोकलं नाही, कारण ऑफिसात सगळेच तसं लिहायचे. युक्ती सोपी आहे, टूच्या पुढे नाम ठेवून बघा. लुकिंग फॉरवर्ड टू संडे जमतं ना? मग तिथे टू मीटिंग यू. आय वॉन्ट टू संडे जमत नाही, म्हणून तिथे टू मीट. याच युक्तीने यूज्ड टू पण सुटतो: मी कळव्याला राहायचो, आय यूज्ड टू लिव्ह इन कळवा, आणि गर्दीत प्रवासाची सवय आहे, आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग इन द क्राउड.

इंटरव्ह्यूला महिना आहे तर रोज मराठीत पाच वाक्यं लिहा, यला, णं, ल्याचं, करून बघ, सवय आहे, प्रत्येकाचं एक, स्वतःच्याच दिवसातलं, आणि मग इंग्रजीत करून मोठ्याने वाचा. अडेल ते वाक्य इथे खाली टाका, मी रात्री बॅच संपल्यावर बघते.