पणजोबांचं वाफेचं इंजिन, अन् चिंच-मीठ

प्रश्न (लातूर) : नमस्कार सर, माळ्यावर पणजोबांचं खेळण्यातलं वाफेचं इंजिन सापडलं. ते बार्शी लाइट रेल्वेवर नोकरीला होते. वीतभर उंच, उभा पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, जर्मनीचा छाप. बॉयलर काळा-निळा पडलाय, लोखंडी चाकाला गंज दिसायलाय, शिट्टीच्या बोंडावरचं निकेल उडून पिवळं पडलंय. आई म्हणती चिंच-मीठ लाव, बफिंगवाला म्हणतो आरसा करून देतो. काय करू?

उत्तर : दोन्ही नको, आधी हेच सांगतो! तो काळा-निळा रंग बहुतेक मळ नाहीच. जुन्या जर्मन इंजिनांचे पितळी बॉयलर कारखान्यातच केमिकलनं असे गडद करायचे. चिमणीच्या बुडाशी, पट्टीच्या आड बॅटरी मारून बघा, जिथं हात कधी लागलाच नाही तिथंपण तसाच एकसारखा रंग असंल तर तो मूळचाच. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा वरचा थर खातं आणि हा रंग म्हणजे तसाच एक पातळ थर, मग मळ कुठला अन् रंग कुठला हे चिंचेला काय कळणार. शिकत होतो तेव्हा मी एक बॉयलर असाच घालवलाय, पाच मिनिटात पिवळाजर्द, त्यावर तांबूस डाग, आणि सांध्यात राहिलेलं मीठ पावसाळ्यात हिरवं होऊन बाहेर आलं. अजून वाईट वाटतं त्याचं.

उदगीरकडचे लोक विचारतात बिदरच्या बिदरी भांड्यांसारखं काळं करता येईल का. नाही. बिदरी जस्ताची असते, तांबं अगदी थोडं, बिदरच्या किल्ल्यातली माती अन् नवसागर लावला की ते जस्त काळं पडतं. पितळेत तांबं जास्त, आणि नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार, तो दाबून घडवलेल्या पितळेचा वैरी. इंग्रजांच्या काळात आपल्याकडं पावसाळ्यात पागेत ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जायचे, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळं, हे कारण १९२१ साली नक्की झालं. म्हणून अमोनियावालं पॉलिशपण सांध्यात जाऊ देऊ नका.

मग करायचं काय, तर धुऊन मऊ झालेला सुती कपडा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, हलक्या हातानं फिरवा, दिवसभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुसा. कोपऱ्याला कापसाची काडी. कपड्यावर काळं तेलकट येतंय तोवर चालू ठेवा, खालून पिवळं डोकवायला लागलं की तिथंच थांबा. कारखान्याच्या छापाला हातच लावू नका. चाकाच्या बिनरंगाच्या कडेला रॉकेल किंवा डिझेल लावून रात्रभर ठेवा आणि तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेनं गंज खरवडा, तांबं लोखंडापेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही.

पेटवायची घाई नको. सांधे शिसं-कथलाच्या डागाचे, म्हणजे सोल्डरचे असले तर ते सोल्डर १८०-१९० अंशाला वितळायला लागतं, आत पाणी आहे तोवर ठीक, पाणी आटलं की बॉयलर उकलतो. आधी जाणकाराकडून गार पाण्याच्या दाबावर तपासून घ्या, सेफ्टी वाल्व्ह मोकळा आहे का तेपण.

बोंडावर परत निकेल चढवायचं म्हणजे जुनं सगळं ॲसिडमध्ये काढायचं, ते करू नका. बोंड अंगठा लागतो त्याच बाजूला पिवळं आहे का बघा. असंल तर तिथलं निकेल पणजोबांच्या अंगठ्यानं झिजलंय, तिथं नुसता मेणाचा हात फिरवा.