मानववंशशास्त्राला येतोयस ना?
यूपीएससीला हा ऐच्छिक विषय सोपा पडतो, एवढ्यासाठी एमएला येणार असशील तर दोनदा विचार कर. इथे नातेसंबंधांचे तक्ते आहेत, तशी कवटीची मापंही आहेत. खरी कसोटी मात्र फील्डवर्कची. पहिल्याच दिवशी कातकरी वाडीवर मी प्रश्नावली वाचायला लागलो, तर आजी उठून लाकडं आणायला चालत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वही पिशवीतच ठेवली, मोळी बांधू लागलो. तेव्हा कुठे घरातल्या लग्नांच्या गोष्टी निघाल्या. नोंदी त्याच रात्री उतरवायच्या हं, सकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं. इरावतीबाई कर्व्यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं काम सुट्टीतच वाचून काढ, नंतर वेळ मिळत नाही. आणि चपला मजबूत घे.