मंदीत विकायचं की वाढवायचं? आधी महिने मोजा

प्रश्न थोडक्यात: वय ४४. कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत विक्री विभागात आहे. मंदीमुळे विभागातली एक तृतीयांश माणसं कमी केली, उरलेल्यांचे पगार १५ टक्क्यांनी कापले. पत्नीची नोकरी पक्की आहे. गृहकर्जाचा हप्ता धरून घराचा जो महिन्याचा खर्च होतो, त्यातला ६० टक्के तिच्या पगारात भागतो. मुदत ठेवींत चार महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे आहेत. शेअरच्या म्युच्युअल फंडांत २२ महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम होती, ती घसरून १६ महिन्यांवर आली. कर्ज अजून ४० महिन्यांच्या खर्चाएवढं बाकी. मुलीची कॉलेजची फी दीड वर्षानं भरायची आहे, ती साधारण तीन महिन्यांच्या खर्चाएवढी. पत्नी म्हणते, फंड विकून सगळे पैसे कर्जात भरू. मित्र म्हणतो, ठेवी मोडून उलट फंडात टाक, आशावादी राहा, अशी संधी पुन्हा येत नाही. मी रात्री दोन वाजता उठून फंडाचं ॲप बघतो. कोणाचं ऐकू?

उत्तर:

सगळे आकडे महिन्यांत मांडलेत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बहुतेक लोक मला रक्कम सांगतात आणि खर्च विचारला की गप्प होतात. पण तुमच्या दोन्ही सल्लागारांनी ते महिने मोजलेलेच दिसत नाहीत. दोघं भाकीत करताहेत. पत्नीचं भाकीत, अजून पडणार. मित्राचं भाकीत, आता वर जाणार. मंदी कधी संपेल हे मला ठाऊक असतं, तर मी पत्रांना उत्तरं देत बसलो नसतो. तेव्हा भाकीत बाजूला ठेवून हिशोब करू.

समजा उद्या तुमची नोकरी गेली. पत्नीच्या पगारात ६० टक्के भागतात, म्हणजे दरमहा ४० टक्क्यांची तूट. चार महिन्यांच्या ठेवी या तुटीला दहा महिने पुरतात. खर्चाला १५ टक्के कात्री लावलीत (हप्त्याला हात लावता येत नाही, म्हणून ही कात्री उरलेल्या खर्चालाच लागेल आणि चांगलीच जाणवेल), तर तूट २५ टक्क्यांवर येते आणि त्याच ठेवी १६ महिने पुरतात. तुमच्या पत्राचा सूर वाचून मला वाटलं होतं की दोन-तीन महिन्यांतच गाडी अडेल. तसं नाही. आज रात्री ॲपऐवजी हा हिशोब कागदावर लिहून पत्नीला दाखवा.

आता तिचा बेत बघू. चांगल्या दिवसांत मी तिच्याच बाजूनं बोललो असतो. कर्ज आधी फेडलं की त्यावरचं व्याज हमखास वाचतं, आणि हमखास हा शब्द शेअर बाजारात कुठेच सापडत नाही. पण कर्जात भरलेले पैसे ही एकेरी वाट असते. सोळा महिन्यांचा खर्च बँकेला दिलात, कर्ज ४० वरून २४ वर आलं, आणि पुढच्या महिन्यात नोकरी गेली, तर बँक त्यातले दोन महिने परत देत नाही. उलट बेकार माणसाला नवं कर्ज मिळणं आणखी अवघड. दुसरी गोष्ट, मुद्दलात मोठी रक्कम भरली की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. तसं झालं तर दरमहाची तूट ४० टक्केच राहते, म्हणजे घरात येणारी अडचण जशीच्या तशी. कर्जाच्या उताऱ्यावर मुद्दल आणि व्याज असे दोन रकाने असतात, त्यातला मुद्दलाचा आकडा एकदम खाली आलेला बघून छाती हलकी होईल, हे खरं. महिन्याअखेरीला मात्र खात्यातून जाणारी रक्कम तीच असेल. (काही ठिकाणी जादा भरलेले पैसे पुन्हा काढता येतात, अशी कर्जखाती असतात. तुमचं तसं असेल तर मला पुन्हा लिहा, उत्तर बरंच बदलेल.)

मित्राच्या सल्ल्यावर मी इतका वेळ घालवणार नाही. ठेवी मोडल्या की पहिल्या धक्क्याला, ४० टक्के तूट भरायला, तुम्हाला फंडच विकावे लागतील, आणि तेही बहुधा याहून पडलेल्या भावात. स्वस्तात घेतलेलं आणखी स्वस्तात विकणं, असा तो बेत आहे. त्याची नोकरी सुरक्षित असावी, असा माझा अंदाज.

तरी 'आशावादी राहा' या त्याच्या वाक्यावर थांबायला हवं, कारण मंदीत सगळ्यात जास्त नुकसान आशेला तारीख लावल्यामुळे होतं. दिवाळखोर झालेली बरीच माणसं निराश नसतात. पुढच्या सहामाहीत सगळं सुरळीत होईल, या खात्रीवर त्यांनी कर्ज काढलेलं असतं. अमेरिकेत २००८ च्या आसपासचा काळ घ्या. तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ च्या उच्चांकावरून ९ मार्च २००९ पर्यंत सुमारे ५७ टक्के पडला आणि जुन्या पातळीवर परतायला मार्च २०१३ उजाडलं. २०२० मध्ये तोच निर्देशांक २३ मार्चला तळाला गेला आणि ऑगस्टमध्ये जुन्या उच्चांकावर परत आला. एकदा तळापासून चार वर्षं, एकदा पाच महिने. दोन्ही वेळा तळाच्या दिवशी बाजाराकडे बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. आणि जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता, तो तिथे परत पोचला फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. दरमहा थोडं थोडं घालणाऱ्याची गत एवढी वाईट झाली नाही, कारण त्यानं पडलेल्या भावातही घेतलं आणि लाभांशही मिळत राहिला. पण 'बाजार शेवटी वर जातोच' हे वाक्य १९८९ मध्ये एका रकमेनं सगळं जपानी शेअरमध्ये लावणाऱ्याला ऐकवून बघा. तुमचे फंड एकाच देशातल्या, एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांत अडकलेत का, हे म्हणूनच तपासा. विशेषतः तुमची कंपनी ज्या उद्योगाला माल पुरवते त्याच उद्योगाचे शेअर फंडात भरले असतील, तर पगार आणि बचत एकाच वेळी बुडतात.

त्याच अमेरिकेच्या मंदीतली आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी जास्त कामाची आहे. बाजारानं तळ गाठला मार्च २००९ मध्ये. तिथले अर्थतज्ज्ञ मंदीच्या तारखा ठरवतात, त्यांच्या हिशोबानं मंदी संपली जून २००९ मध्ये. आणि बेरोजगारी १० टक्क्यांवर, म्हणजे त्या मंदीतल्या सर्वोच्च पातळीवर गेली ऑक्टोबर २००९ मध्ये. बाजार सावरायला लागून सात महिने झाले तरी नोकऱ्या जातच होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये बेरोजगारी जवळपास १५ टक्क्यांवर होती आणि बाजार महिनाभरापासून वर चढत होता. म्हणजे ॲपवर हिरवं दिसायला लागलं म्हणून नोकरीचा धोका टळला असं समजू नका, आणि कंपनीत आणखी कपात झाली म्हणून फंड बुडाले असंही नाही. दोन्हींची घड्याळं वेगळी चालतात. तुम्ही मात्र रात्री दोन वाजता एकाच आकड्यात दोन्हींची उत्तरं शोधताय.

मी काय करीन ते सांगतो.

फीचे तीन महिने आजच फंडातून काढा. तोटा दिसतोय तरी काढा. दीड वर्षात लागणारा पैसा शेअरमध्ये असायलाच नको होता. तो भरून निघण्याची वाट बघणं म्हणजे मुलीच्या प्रवेशाची तारीख बाजाराला ठरवू देणं. २२ वरून १६ वर आलेल्याला पुन्हा २२ व्हायला साडेसदतीस टक्के वाढावं लागतं. ते होईलही, पण कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणे होईल असं नाही. ही रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा आणि वरच्या दहा महिन्यांच्या हिशोबात धरू नका.

उरले तेरा महिने. ते विकू नका. ठेवींचे चार आणि फंडाचे तेरा, मिळून ४० टक्क्यांची तूट साडेतीन वर्षं भागते. फंड इथून आणखी निम्मे झाले, तरी २६ महिने भागते. पत्नीला ज्याची भीती वाटते ते सगळं या २६ महिन्यांत धरलेलं आहे. तिला कर्जाचा आकडा दिसतो, पण हे महिने दिसत नाहीत. एवढे महिने हाताशी असलेल्या घराला बाजाराच्या तळाला शेअर विकावे लागत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत आशेला माझ्या मते एवढाच आधार पुरेसा आहे. शिवाय आज सगळं विकलंत तर परत कधी शिरायचं हा दुसरा निर्णय डोक्यावर बसतो. पहिला निर्णय घाबरून घेतलेला माणूस दुसरा वेळेवर घेत नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

एसआयपीबद्दल, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण पगार कापल्यावर ती पूर्वीइतकी चालू ठेवणं जड जात असणार. निम्मी करा. उरलेली निम्मी ठेवींत टाका, ठेवी सहा महिन्यांच्या खर्चाएवढ्या होईपर्यंत. पूर्ण बंद करण्याच्या मी विरोधात आहे. हिशोबापेक्षा सवयीसाठी. बंद पडलेली एसआयपी पुन्हा सुरू करायला लोकांना वर्षं लागतात.

चार महिन्यांच्या ठेवी एकाच पावतीत असतील, तर त्या चार पावत्यांत तोडा, दर महिन्याला एक परिपक्व होईल अशा. नोकरी टिकली तर पुन्हा गुंतवा. गेली तर पगाराच्या तारखेच्या आसपास एक पावती सुटत राहील, आणि एका महिन्याच्या गरजेसाठी चार महिन्यांचं व्याज बुडणार नाही. पावत्यांवर दोघांचीही नावं आहेत ना आणि दोघांपैकी कोणीही एकटं काढू शकतं ना, तेही बघा.

आरोग्यविमा कंपनीकडून असेल तर नोकरीबरोबर तोही जातो. कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्यविमा नोकरी असतानाच घ्या. नव्या विम्यात सुरुवातीचा काही काळ बरेच आजार वगळलेले असतात, म्हणून आजची तारीख महत्त्वाची. क्रेडिट कार्डवर थकबाकी असेल तर वरचं सगळं थांबवून ती आधी फेडा, त्या व्याजापुढे कोणताच फंड टिकत नाही.

बँकेत या आठवड्यात जा, पगार चालू असताना. दोन गोष्टी विचारा: थोडं मुद्दल भरलं तर हप्ता कमी करून मिळेल का, आणि नोकरी गेल्यास काही महिने हप्ता पुढे ढकलता येतो का, त्याचं व्याज कसं लागतं. एक हप्ता चुकल्यानंतर गेलात तर तोच अधिकारी वेगळ्या आवाजात बोलतो.

आणि जी आशा मित्र तुम्हाला बाजारात लावायला सांगतोय, ती बाजारात लावून उपयोग नाही. तुम्ही काही केल्यानं बाजार हलत नाही. विक्रीतल्या माणसाची खरी पुंजी म्हणजे ओळखीचे ग्राहक. त्यांच्यापैकी कोण मंदीतही माल घेतोय, कोणाला तुमच्यासारखा माणूस हवाय, हे आज नोकरीत असताना विचारणं सोपं आहे. चार महिन्यांनी तोच फोन करताना जीभ जड होते.

जादा भरलेले पैसे परत देणारं कर्जखातं सोडलं, तर माझं मत एकाच परिस्थितीत बदलेल. पत्नीची नोकरी पक्की आहे असं तुम्ही लिहिलंत, ते कशावरून, हे तिलाच विचारा. तिच्याही कार्यालयात कुजबुज सुरू असेल, तर वरचा सगळा हिशोब कोसळतो, कारण मग तूट ४० टक्के नाही, पूर्ण शंभर टक्के होऊ शकते आणि चार महिन्यांच्या ठेवी चारच महिने टिकतात. तसं असेल तर फंडातले आणखी चार महिने काढून ठेवीत टाका, एसआयपी तात्पुरती थांबवा, आणि कर्ज आधी फेडण्याचा विषय दोघांपैकी एकाची नोकरी पक्की होईपर्यंत काढू नका.