इंजिन ड्रायव्हर पंतप्रधान झाला, मग कामगारांचा राहिला का?

प्रश्न: मी रेल्वेत लोको पायलट होतो, आता रिटायर. वडील इथल्याच मिलमध्ये साचेवाले, पक्के लाल बावट्याचे, पण ते म्हणायचे की युनियनचा माणूस खुर्चीवर बसला की आपला राहत नाही. परवा नातू म्हणाला, ऑस्ट्रेलियात एक इंजिन ड्रायव्हर पंतप्रधान झाला होता. खरंय का, आणि तो तरी आपला राहिला का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: खरंय काका. बेन चिफली त्यांचं नाव. १९०३ मध्ये बॅथर्स्ट गावच्या लोको शेडमध्ये पोरगा म्हणून लागले आणि पुढे ड्रायव्हर झाले, कोळशाच्या इंजिनाचे बरं का, ते काम काय असतं ते तुम्हाला मी काय सांगणार! १९१७ ला रेल्वेत मोठा संप झाला, कारण वरच्यांनी प्रत्येकाच्या कामाचा वेळ कार्डावर लिहायला सुरुवात केली होती, चिफली त्यात उतरले, नोकरी गेली, मग परत घेतलं पण खालच्या पदावर. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. मग ड्रायव्हर-फायरमन लोकांची देशभराची युनियन उभी करण्यात ते पुढं होते, १९२८ ला खासदार झाले, मध्ये एकदा पडले, युद्धाच्या काळात अर्थमंत्री आणि १९४५ ला पंतप्रधान.

आता तुमच्या वडिलांचा मुद्दा. १९४९ च्या हिवाळ्यात कोळसा खाणीतल्या सुमारे २३,००० कामगारांनी संप केला, लाईट आणि गॅसची टंचाई झाली, आणि याच माणसानं खाणीत लष्कर पाठवलं. संपात स्वतःची ड्रायव्हरकी गमावलेला माणूस! मला हे वाचून अजूनही वाईट वाटतं. सरकारचं म्हणणं होतं की कम्युनिस्ट पुढारी देश अडवून धरतायत, तरी माझ्या मते लष्कर पाठवायला नको होतं, तिथं तुमचे वडील बरोबर होते. त्याच वर्षी डिसेंबरला निवडणूक हरले.

पण आपला राहिला नाही असंही मी म्हणणार नाही. पंतप्रधानांचा सरकारी बंगला असताना ते कॅनबेरात कुराजाँग नावाच्या साध्या हॉटेलात एका खोलीत राहायचे, तिथून पार्लमेंटला चालत जायचे, तोंडात पाईप. १३ जून १९५१ ला रात्री पार्लमेंटमध्ये मोठा समारंभ होता, हे गेलेच नाहीत, त्याच खोलीत हार्ट अटॅक आला आणि गेले. त्यांनी चालवलेलं ५११२ नंबरचं इंजिन बॅथर्स्टमध्ये जपून ठेवलंय, नातवाला फोटो काढून दाखवायला सांगा.