रोज ऑफिसला नेतो त्या गाडीला स्टेज १ ट्यून मारू का? नागपुरात टिकेल का?

तुम्ही विचारलं आहे की सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतली, रोज वापरायची आहे, स्टेज १ रिमॅप (म्हणजे पार्ट न बदलता नुसतं इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, यालाच ट्यून म्हणतात) करायचं मनात आहे, पण घरचे आणि मेकॅनिक दोघंही म्हणतात इंजिनची वाट लागेल, तर खरं काय.

भाऊ, माझ्याकडे तीच गाडी आहे, २०१७ ची, २३० पीएसवाली. २०२१ मध्ये घेतली तेव्हा ४१ हजार किलोमीटर झाले होते, आता ९६ हजार. ट्यून २०२२ च्या डिसेंबरात केला. प्रतापनगर ते बुटीबोरी रोजचं येणं-जाणं, म्हणजे शोकेसची गाडी नाही, ट्रकांच्या मागे उभी राहणारी, उन्हात पार्क होणारी, भाजीच्या पिशव्या नेणारी गाडी आहे. इंजिन शाबूत आहे, गिअरबॉक्स शाबूत आहे. पण डिसेंबरात जी फाइल, म्हणजे ट्यूनचं सॉफ्टवेअर, टाकली होती ती आज गाडीत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे.

झालं असं की ट्यूनर बाहेरगावचा, महिन्यातून एकदा नागपूरला यायचा, हिंगण्याला एका मित्राच्या गोडाऊनमध्ये लॅपटॉप लावून तासाभरात काम आटोपलं. सकाळची थंडी, दहा-बारा डिग्री. पहिल्यांदा वर्धा रोडवर दाबली तर बाप्पा! दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं सुटून राहिली होती, स्टेअरिंग हातातून ओढल्यासारखं होत होतं, मी एकटाच गाडीत बसून हसत होतो. कंपनीचा टॉर्क ३५० न्यूटन मीटर, ट्यूनर म्हणाला आता ४४० च्या आसपास. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, टाकली नाही, त्यामुळे तो आकडा त्याचा, माझा नाही.

मग आला मे. तुम्ही नागपूरचेच असाल तर मे महिना सांगायची गरज नाही. दुपारचे तीन, बाहेर ४५, मी आणि माझा एक मित्र, इंजिनचे आकडे वाचणारा ओबीडीचा डोंगल लावलेला आणि मित्राच्या मोबाईलवर ते आकडे. छत्रपती चौकाच्या सिग्नलला एसी लावून उभे होतो तर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान चढत चढत ७१ वर गेलं. पुढे खापरी सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली, तो मागून ओरडून आकडे वाचत होता, पाच मागे, सहा मागे, तीन नंबरचा सात मागे. म्हणजे ईसीयू, इंजिनचा कॉम्प्युटर, प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पाच ते सात डिग्री मागे खेचून राहिला होता कारण नॉक सेन्सरला नॉकिंग ऐकू येत होतं. आणि गाडी? खरं सांगतो, ट्यूनच्या आधी जशी पळायची त्यापेक्षा काही खास नाही. पैसे भरून मी फक्त डिसेंबर विकत घेतला होता.

हे काऊन होते ते समजून घ्या, कारण मेकॅनिक लोक इथेच "ट्यूनने इंजिन बसते" म्हणून हात झटकतात. टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते, बूस्ट, म्हणजे तो दाब, वाढवला की अजून तापते. ती गार करायला पुढे इंटरकूलर आहे, पण नावावर जाऊ नका, तो आपल्या घरच्या कूलरसारखा नाही. घरचा कूलर वाळ्याच्या ताटीवर पाणी सोडून बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देतो. आपल्या गाडीचा इंटरकूलर कोरडा आहे, बाहेर ४५ असेल तर तो ४५ च्या खाली कधीच नेऊ शकत नाही, उलट सिग्नलला उभं राहून स्वतःच तव्यासारखा तापतो. गरम हवा, जास्त दाब, आणि त्यात पेट्रोल कमी ऑक्टेनचं असेल तर मिश्रण स्पार्कच्या हिशोबाने न जळता स्वतःहून पेटते, ते नॉकिंग. ईसीयू टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो, तेवढं त्याला कळते. पण टायमिंग मागे गेलं की एक्झॉस्ट अजून तापतो, टर्बो तापतो, आणि तुम्ही रोज दोन वेळा हेच करत राहिलात तर मग मेकॅनिकचं म्हणणं खरं व्हायला वेळ लागत नाही.

पेट्रोलबद्दल एक घोळ बऱ्याच लोकांचा होते. अमेरिकेतले लोक लिहितात "९१ वर चालतो माझा ट्यून", आणि आपल्याकडे वाचून लोकांना वाटते चला, आपलं साधं पेट्रोलही ९१ म्हणूनच विकत होते की. त्यांचं ९१ वेगळ्या मापाने मोजलेलं असते, आपल्या मापाने ते साधारण ९५ च्या जवळ जाते. आणि युरोपातल्या बऱ्याच स्टेज १ फाइली ९८ धरून बनवलेल्या असतात. तीच फाइल जशीच्या तशी आणून कुणी तुमच्या गाडीत टाकत असेल तर सरळ विचारा की बाबा ही कोणत्या पेट्रोलसाठी आहे. माझ्या ट्यूनरला मी हे विचारलंच नव्हतं, चूक माझी. मी तेव्हापासून इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनवालं एक्सपी ९५ च टाकतो, तेही एकाच पंपावर.

आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, झालं, त्याचंही जरा डोक्यात ठेवा. इथेनॉल नॉकिंगला चांगलंच सहन करते, तो फायदा आहे. पण नुसत्या इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त इंधन ओतावं लागते, आणि ट्यून केलेलं इंजिन आधीच जास्त मागत असते. लॉगमध्ये, म्हणजे डोंगलने नोंदवलेल्या आकड्यांत, फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतो ते) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) बघायला सांगा. गावात मला लिटरला आठ-साडेआठ किलोमीटर मिळते, रडायचं असेल तर ही गाडी घ्यायचीच नाही.

तर जून २०२३ मध्ये मी ते मे चे लॉग ट्यूनरला पाठवले. आधी टाळाटाळ, मग "सगळ्यांचं असंच होते", शेवटी त्याने नरम फाइल दिली. बूस्ट कमी, मधल्या आरपीएमला टायमिंग कमी, टॉर्क ४०० च्या आसपास. कागदावर मी मागे आलो. पण पुढच्या मे मध्ये त्याच रस्त्यावर त्याच वेळेला लॉग घेतला तर टायमिंग एक-दीड डिग्रीच्या वर मागे जात नव्हतं, आणि गाडी जशी जानेवारीत तशीच मे मध्ये. रोजच्या गाडीला मला हेच पाहिजे होतं, पण हे मला ट्यूनच्या आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, तुम्हीही बहुतेक ऐकणार नाही.

मधे एक तमाशा झाला तोही सांगतो. ट्यूनच्या वेळी स्पार्क प्लग बदला म्हणून सांगितलं होतं, मी म्हटलं बघू नंतर. जामठ्याच्या पुढे बाबा बाजूला बसलेले, मी एका ट्रकला ओव्हरटेक करायला दाबली आणि गाडी उचक्या द्यायला लागली, इंजिनचा पिवळा लाइट लुकलुकायला लागला. लाइट नुसता लागला तर घरापर्यंत आणता येते, लुकलुकला तर पाय काढायचा, कारण मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खलास होते. बाबा शांतपणे म्हणाले, "हिला पैसे देऊन आजारी केलं का तू?" बूस्ट वाढला की प्लगच्या गॅपमधली ठिणगी विझते, एवढंच होतं. नवे प्लग, गॅप ०.७ मिलिमीटर, विषय संपला. आता दर २०-२५ हजाराला न विचारता बदलतो, ऑइल ७-८ हजाराला, डीएसजीचं (या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल ६० हजाराची वाट न बघता ५० ला केलं.

गिअरबॉक्सवरून आठवलं, व्हीआरएसचा सहा स्पीडवाला डीएसजी ऑइलात बुडालेल्या क्लचचा आहे म्हणून मी एवढं बोलून राहिलो. तुमचा एखादा मित्र साधी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय ऑटोमॅटिक घेऊन तुमचं बघून ट्यून करायला निघाला तर त्याला थांबवा. तो सात स्पीडचा कोरडा क्लच आहे, २५० न्यूटन मीटरच्या आसपास त्याची मर्यादा. म्हणूनच स्कोडाच्याच सुपर्बमध्ये तेच १.८ इंजिन मॅन्युअलसोबत ३२० द्यायचं आणि ऑटोमॅटिकसोबत २५० वर आणून ठेवलं होतं. कंपनीने जिथे स्वतः हात आखडता घेतला तिथे आपण कायले शहाणपणा करायचा.

सवयी दोन बदलाव्या लागतात. एक, सहाव्या गिअरला दीड हजार आरपीएमवर असताना एकदम पूर्ण दाबायचं नाही, आधी गिअर खाली घ्यायचा, कमी आरपीएमवर जास्त बूस्ट हा या इंजिनांना सगळ्यात वाईट. दोन, पहिल्या पावसात सिमेंट रोडवर धूळ आणि ऑइलचा जो चिखल होते त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायची हौस करायची नाही.

समृद्धीवर मजा येईल असं वाटत असेल तर नाही येत. तिथे मर्यादा १२० ची, आणि १२० वर गाडी आरामात लोळत असते, बूस्ट जवळजवळ शून्य, ट्यून आहे की नाही तेही कळत नाही. ट्यूनची खरी किंमत कळते ती अरुंद दोन लेनच्या रस्त्यावर, पुढे संत्र्याने भरलेली गाडी, समोरून रस्ता मोकळा, आणि ओव्हरटेक आधीपेक्षा लवकर संपते तेव्हा.

कागदपत्रांचं. वॉरंटी शिल्लक असेल तर ट्यून विसरा, ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला त्याची मोजणी आतच राहते, स्टॉक फाइल परत टाकली तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा फेरफार चालत नाही, आणि इन्शुरन्सला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्यावर उलटू शकतो. मी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलं. बरेच लोक कळवत नाहीत, तो त्यांचा जुगार. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला कुणी सांगितलं तर तिथून उठून या. सर्व्हिसला टाकताना जॉब कार्डवर "सॉफ्टवेअर अपडेट करू नये" असं लिहून घ्या, नाहीतर संध्याकाळी गाडी घ्यायला जाल तर ट्यून पुसलेला.

तुमचा प्रश्न जुलैत आला आहे, म्हणजे बहुतेक दिवाळीच्या आसपास कराल. पैसे देण्याआधी ट्यूनरला सांगून ठेवा की मे मध्ये दुपारचे लॉग पाठवीन आणि त्यावर फाइल बदलून पाहिजे, आणि त्या बदलाचे वेगळे पैसे लागतील का ते आत्ताच मेसेजवर लिहून घ्या. मला लागले.