आओस्ता खोऱ्यात काय प्यावं? आधी प्रिए ब्लाँ

सप्टेंबरात आल्प्समधल्या आओस्ता खोऱ्यात, कुर्मायरला चाललात आणि इटलीत आहोत तर बारोलोच घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. बारोलो मिलानलाही मिळेल. आओस्ता खोऱ्यात तिथल्याच द्राक्षांच्या जातींची वाईन प्या. बारोलो ज्या द्राक्षाची होते ती नेब्बिओलोच हवी असेल, तर खोऱ्याच्या खालच्या टोकाला दोनासमध्ये तीही होते, तिथे तिला पिकोतेंद्रो म्हणतात.

पण सुरुवात प्रिए ब्लाँपासून करा. हे पांढरं द्राक्ष माँ ब्लाँच्या पायथ्याशी, मॉर्जे आणि ला साल या गावांभोवती, साधारण 900 ते 1200 मीटरवर पिकतं. युरोपातल्या सर्वांत उंचावरच्या बागांपैकी या बागा. कुर्मायरहून खाली उतरलात की लगेच लागतात, तेव्हा थांबून बघाच. नाशिककडच्या मांडवाखालून माणूस ताठ चालतो, इथला मांडव मात्र अगदी बुटका. दिवसा तापलेली जमीन आणि दगडी बांध रात्री ऊब सोडतात, ती घडांना मिळावी आणि वाऱ्यापासून आडोसा व्हावा म्हणून. छाटणी, तोडणी सगळं वाकून. जात लवकर पिकणारी, म्हणून थंडी पडायच्या आत माल हाती येतो. वेलींची मुळं खाणारी फिलॉक्सेरा ही कीड इथवर पोचलीच नाही. तिच्यामुळे युरोपात बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम करावं लागतं, इथल्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. मला या वाईनबद्दल विशेष जिव्हाळा आहे तो यामुळेच.

चवीला ती हलकी, चांगली आंबटसर, हिरव्या सफरचंदाची आणि डोंगरी वनस्पतींची आठवण देणारी. जोडीला तिथलंच फोंतिना चीज घ्या. ओक, व्हॅनिला असलं काही शोधू नका. बुडबुड्यांची प्रिएही मिळते, ती नक्की घ्या.

लाल वाईनमध्ये रोजच्या जेवणासाठी तोरेत, म्हणजे मुख्यतः पती रूज. हीच जात आर्विए गावाच्या वाटीसारख्या, उन्हाने भाजणाऱ्या उतारावर पिकली की आंफेर दार्विए होते, आणि ती जास्त भरीव लागते. एकच लाल बाटली घ्यायची तर मी फ्युमँ घेईन: गडद, मसालेदार, मांसाच्या रश्श्याला पुरून उरणारी. गोडाची आवड असेल तर शांबाव गावची, वाळवलेल्या मस्कत द्राक्षांची.

पुढे स्वित्झर्लंडला व्हालेत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथली कोर्नालँ ही लाल जात आणि आओस्ताची कोर्नालँ या वेगळ्या जाती आहेत. आओस्ताची आवडली, तर व्हालेच्या दुकानात उमान्य रूज मागा, तीच जात तिथे या नावाने मिळते.