खांदा दुखत नाही, मग पट्टा काढला तर चालेल का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आई ६१ वर्षांची, शुगर आहे. बाथरूममध्ये घसरून पडली, खांद्याचा रोटेटर कफ (खांदा फिरवणारे स्नायू) फाटला, पंधरा दिवसांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सर्जननी उशीवाला पट्टा सहा आठवडे घालायला सांगितलाय. पण आता दुखत नाही म्हणून ती सारखी काढून ठेवते, काल तर पोळ्या लाटायला उभी राहिली. रात्री झोप नाही, मान आखडते. शेजारच्या काकू म्हणतात इतके दिवस बांधून ठेवलं तर खांदा कायमचा जाम होईल, तेल लावून चोळा. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी पोळ्या बंद, आजपासून. दुखणं कमी झालं हे छानच आहे, पण त्याचा अर्थ आतलं भरून आलं असा होत नाही. ऑपरेशनमध्ये हाडापासून सुटलेला स्नायूचा शेंडा हाडात छोटे अँकर बसवून दोऱ्याने परत बांधतात, तो हाडाला धरायला साधारण तीन महिने लागतात आणि सुरुवातीचे आठवडे सगळी मदार त्या दोऱ्यावरच असते. लाटणं, हात टेकून उठणं, आंबाडा घालायला हात वर नेणं, सगळ्यात त्याच टाक्यावर ताण येतो. परत फाटलं तर दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड जातं, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

काकूंची भीती मात्र खोटी नाही. खांदा जाम होऊ शकतो, शुगरवाल्यांचा तर जास्तच. पण त्यावर उपाय पट्टा काढणं नाही आणि चोळणं तर अजिबात नाही. बोटं आणि मनगट दिवसातून बऱ्याचदा हलवायला लावा, मुठी उघडझाप करू द्या. कोपर सरळ करायचा व्यायामही लागतो, पण बायसेप्सलाही (दंडाच्या पुढच्या स्नायूला) टाका घातला असेल तर आधी सर्जनना विचारा. खांद्याची हालचाल कधी आणि किती ते फिजिओ सांगतील, फाटलेलं केवढं होतं त्यावर ते ठरतं, त्यामुळे दुसऱ्या पेशंटचं बघून काही सुरू करू नका. आणि शुगर कंट्रोलमध्ये ठेवा, जखम भरायलाही तेच लागतं.

मान आखडतेय म्हणजे बहुतेक पट्टा नीट बसलेला नाही. कोपर पाऊचमध्ये अगदी मागपर्यंत टेकलं पाहिजे, मनगट कोपरापेक्षा किंचित वर, पंजा खाली लोंबकळता नको. वरचा बेल्ट मानेवर घासत असेल तर खाली मऊ रुमाल घाला, आणि आईंना सांगा खांदा कानाकडे चढवून बसू नका, हाताचं वजन पट्ट्यावर सोडा. मधली उशी काढू नका, ती हात अंगापासून थोडा लांब ठेवते म्हणून टाक्यावरचा ताण कमी होतो.

झोपताना सपाट नको. पाठीला तीन-चार उश्या लावून अर्धवट बसतं झोपवा, कोपराखाली एक उशी द्या म्हणजे कोपर पाठीमागे पडत नाही, पट्टा रात्रीही हवाच. कपडे पुढून बटणाचे, घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. काखेत घाम साचून पुरळ येतं, त्यामुळे पुढे वाकून हात सैल सोडून काख पुसून घ्या, हात स्वतःहून उचलायचा नाही.

बोटं निळी-गार पडली, बधिर झाली, ताप आला, टाक्यातून पू आला किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जनना फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल गाठा.